बावीची किल्ली

आमच्या गल्लीतल्या विहिरीची किल्ली माझ्या दाराआडच्या खिळ्याला अजून टांगलेली आहे. गल्लीत विहिरीला विहीर कुणी म्हणत नाही, बावी म्हणतात. कानडी माणसं म्हणतात म्हणून मराठी माणसंही म्हणतात. किल्ली माझ्याकडे येण्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. बावी गल्लीच्या टोकाच्या चौकात, आणि माझ्या दोन खोल्यांचं मागचं दार त्या चौकात उघडतं. कधीकाळी एक शेळी आत पडली, तेव्हा गल्लीनं वर लोखंडी जाळी बसवली, तिला पितळी कुलूप घातलं आणि 'तुम्ही काय, इथंच असता' म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. ते खरंच होतं. मी इथंच असे.

माझं दुकान दोरांचं. आजोबा मिरजेकडून या कानडी मुलखात आले ते हाच धंदा घेऊन. काथ्याचे दोर, सुंभ, सुतळी, आणि धान्यवाल्यांसाठी बारदान, म्हणजे गोणपाटाची पोती. घरोघरी नळ आले तसे बावीचे दोर खपायचे थांबले. धान्याचा मोठा बाजार शहराबाहेर अमरगोळला गेला तशी पोत्यांची गिऱ्हाइकं तिकडं गेली. थोरल्या दोघा भावांनी काळ ओळखला, प्लॅस्टिकच्या पाइपांचं दुकान काढलं आणि विद्यानगरला घर बांधलं. मला म्हणाले, चल. तिथं माझ्यासाठी एक खोली होती. तीत रिकामा सिलिंडर, पाळणा आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आधीपासून राहत होते. मी गेलो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मी तर जन्मभर सुंभच विकत होतो. लग्न राहून गेलं होतं. दोन स्थळांनी मला नाकारलं, एक मी नाकारलं, आणि मग कुणी आणलंच नाही.

आमच्याकडे माणूस भेटला की रामराम-नमस्काराआधी विचारतात, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का. भांडण असलेला माणूससुद्धा हे विचारून मगच भांडतो. तोंडदेखलं असतं, पण ऐकायला बरं वाटतं. ज्या काळाबद्दल मी सांगतो आहे त्या काळात कधी कधी दोन-दोन दिवस मला हे कुणी विचारत नसे. भावांनी जाताना जुना रेडिओ ठेवला होता. त्याला मी उत्तरं देत असे. एकदा बातम्या देणाऱ्या बाईला 'बरं' म्हणालो आणि स्वतःचीच लाज वाटली.

दोन हजार सालानंतरची ती दुष्काळी वर्षं. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. ज्या दिवशी येई त्या दिवशी गल्लीत लग्नघर असे आणि बाकीचे दिवस सुतक. माणसं पाण्यावरून एकमेकांची कुळं काढत. अशा एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्याला शबनम पिशवी. कॉलेजात शिकवत होत्या, धारवाडहून रोज येऊन-जाऊन. त्यांनी साठ फूट काथ्याचा दोर मागितला. इतका लांब दोर कुणी मागून वर्षं झाली होती.

"कशाला हवा?" मी विचारलं.

"बावी साफ करायला, यजमान्रे. तुमच्या भागात एखादी जुनी बावी आहे का, तेच शोधत फिरते आहे."

दुकानदाराला यजमान म्हणायची इकडची रीतच आहे. पण ज्याच्या घरात मांजरसुद्धा टिकत नाही त्याला यजमान म्हटल्यावर मी थोडा ताठ झालो. म्हणालो, "आहे की. किल्ली माझ्याकडंच आहे."

चौकात येऊन त्यांनी जाळीतून आत डोकावून पाहिलं. तळाला हिरवं डबकं, त्यात चपला, पिशव्या, जाळी बसायच्या आधीचा एक फुटका टीव्ही. मला वाटलं, बाई नाक मुरडून जातील. त्या म्हणाल्या, "पाऊस कमी झाला असं सगळे म्हणतात. कमी झालाच, पण त्याची रीतही बिघडली आहे. पूर्वी आठ-आठ दिवस बारीक पडत राहायचा, जमिनीत मुरायचा. आता तासाभरात सगळा पडतो आणि गटारातून निघून जातो. पुढं हे वाढतच जाणार. त्याला धरून ठेवायला जागा पाहिजे. ही तुमची जागा."

मग रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी बाई, त्यांचे दहा-बारा विद्यार्थी आणि मी. गल्ली खिडकीतून बघत होती. दुसऱ्या रविवारी गल्लीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष आला. त्याचं कोप्पीकर रोडला विजेच्या सामानाचं दुकान. गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीत तो पुढं असे, आणि एखादी गोष्ट आपल्याशिवाय चालली आहे हे त्याला सहन होत नसे. त्यानं येताना पंप आणला, आणि त्याच्या मागून सगळी गल्ली आली. दोर माझे, कप्पी माझ्या आजोबांची. गाळाच्या पाट्या वर येत होत्या आणि प्रत्येक पाटीत काय निघतं ते बघायला जत्रा जमत होती. पितळी लोटा निघाला, त्यावर तीन घरांनी हक्क सांगितला. एक लाकडी पाट निघाला, काळाठिक्कर, खाली छोटे पाय. कुणीतरी म्हणालं, जुन्या लोकांनी गणपती सोडताना पाटासकट सोडला असणार. मी तो पाट धुऊन भिंतीला टेकवून ठेवला. तेव्हा त्यात काही वाईट दिसलं नाही.

काम झालं की बाई सगळ्यांना कठड्याभोवती बसवायच्या आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायच्या, तुमच्या लहानपणी मृगाचा पाऊस कसा होता, स्वातीचा कसा होता. म्हातारी माणसं आधी लाजली, मग थांबेनात. बाई ते सगळं मोठ्या कागदावर लिहून घेत आणि शेजारी आताचा पाऊस लिहीत. दोन्ही शेजारी-शेजारी बघितल्यावर कुणाला व्याख्यान द्यायची गरज उरली नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, आमच्याकडे पाऊस दोरावरून कळायचा; ओल्या हवेत काथ्या फुगतो, पूर्वी तो आषाढभर फुगलेला असे. बाईंनी तेही लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ.

दुपारचं जेवण दर रविवारी वेगळ्या घरून यायचं. ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाचटणी, दही. वाढायला पलीकडच्या घरातली अक्का. ती पापडाचा धंदा करायची, कानडी, आवाज खणखणीत. ती प्रत्येकाला विचारत यायची, मला सगळ्यात शेवटी, कारण मी भिंतीकडे बसलेला असायचो.

"अण्णा, ऊट आतेन्री?"

मी घरी पिठलंभात खाऊन आलेला असलो तरी सांगायचो, "इल्ला, अजून नाही." मग ती वाढायची आणि मी चारचौघांत बसून पुन्हा जेवायचो. खोटं बोलल्याचं वाईट वाटायचं नाही. दोन महिन्यांत माझा सदरा पोटावर तटतटायला लागला. गल्लीला वाटलं, अण्णाला कष्ट मानवले.

पाऊस सुरू व्हायच्या आत सात घरांच्या छपरांवरून पाइप खाली आणून बावीला जोडले. पाइप माझ्या भावांच्या दुकानातून आले आणि त्यांनी ते फुकट दिले, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण दोन-चारदा असा कोसळला की सात छपरांचं पाणी एकदम आत उतरताना चौक घुमत होता. श्रावणात पाणी कठड्यापासून दोन हातांवर आलं. बाईंनी ते तपासून आणलं आणि म्हणाल्या, उकळून पिण्याइतकं चांगलं आहे. मग एका रविवारी छोटा समारंभ झाला. हळदकुंकू, नारळ, अक्कानं पहिली घागर ओढली. बाई म्हणाल्या, किल्ली यजमानांकडेच राहील; सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बावी उघडी. आणि एकच नियम: या पाण्यात काही सोडायचं नाही. निर्माल्य नाही, गणपती नाही. गणपतीसाठी त्यांनी एक मोठं निळं पिंप आणून ठेवलं. गणपती त्यात सोडायचे आणि ते पाणी झाडांना घालायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर किल्ली मुठीत धरून 'जबाबदारी माझी' असं मोठ्यानं म्हणालो.

ते तीन-चार आठवडे मी सुखात होतो. सकाळी सहाला कुलूप काढायचं. त्याआधीच बाहेर घागरी वाजत असायच्या. कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुणाच्या सुनेचं माहेरी जाणं अडलंय, सगळं मला कळायला लागलं. बायका माझ्यासमोर नवऱ्यांच्या तक्रारी करायच्या, जणू मी कठड्याचाच एक दगड. मला ते चालत होतं. कुलपात मी दर आठवड्याला खोबरेल सोडायचो. रेडिओवर धूळ बसली.

मग गणपती आले. बावीमुळे त्या वर्षी गल्लीच्या उत्साहाला ऊत आला होता. अध्यक्षानं नेहमीपेक्षा मोठी मूर्ती आणली, प्लॅस्टरची, चकचकीत तैलरंगाची, आत लोखंडी सांगाडा. आमच्या गावात गणपती विहिरींत सोडायची पद्धत जुनी. आमचा दर वर्षी लांबच्या एका सार्वजनिक विहिरीत जायचा. निळ्या पिंपात तो मावणार नव्हता हे कुणालाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मिरवणूक निघाली आणि गल्लीच्या तोंडाऐवजी चौकाकडे वळली. बँड, गुलाल, बायकांच्या हातांत घरचे गणपती. मी दारात उभा होतो. अध्यक्ष पुढं आला, कपाळ गुलालानं माखलेलं, डोळ्यांत पाणी. तो ढोंग करत नव्हता, हे मी आजही सांगेन.

"अण्णा, किल्ली दे की."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आपल्या बावीत एवढं चोख पाणी असताना देवाला दुसऱ्याच्या घाण पाण्यात नेऊन सोडायचं? मनाला बरं वाटतंय काय रे तुझ्या? आपण स्वतःच्या हातानं काढलंय हे पाणी. पहिला मान देवाचा नको?"

मी म्हणालो, "मॅडमना शब्द दिलाय."

"मॅडमचं बरोबर आहे, इल्ला अन्नल्ल, नाही म्हणत नाही मी. पण जुनी माणसंबी इथंच सोडत होती की. पाट तूच वर काढलास न्हवं का?"

पाट माझ्या मागं भिंतीला टेकून होता. जुन्या लोकांचे गणपती काळ्या मातीचे होते, चार दिवसांत विरघळणारे, हे मला माहीत होतं. ते मी म्हणालो नाही. फक्त म्हणालो, "नाही. किल्ली मिळायची नाही."

बँड थांबला. कुणी आरडाओरड केली नाही, कुणी अंगावर आलं नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, भांडायला मला येतं. पण मागून कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "राहू दे की. अण्णाचं हे असंच. चला." आणि सगळे खरंच वळले. अक्काच्या हातात तिचा वीतभर गणपती होता. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा करून तीही वळली.

मला त्यांच्या पाठी दिसल्या. एवढंच झालं. सकाळी सहाला दार उघडीन आणि बाहेर घागर वाजणार नाही, असं काहीतरी मनात आलं. चौक अर्धा रिकामा झाला होता तेव्हा मीच ओरडलो, "थांबा."

खिळ्यावरची किल्ली मीच काढली. कुलूप मीच उघडलं. जाळी मी आणि अध्यक्षानं मिळून उचलली. त्यांनी मला खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं. पहिली आरती माझ्या हातून करवली, नारळ मला फोडायला लावला, कुणीतरी माझ्या टकलावर मूठभर गुलाल चोळला. मूर्ती आत गेली तेव्हा पाणी कठड्यावरून उडून माझ्या पायांवर आलं. मग घरोघरचे गणपती, एकामागून एक. त्या संध्याकाळइतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर रंगाची साय धरली. आठवड्यानं वास सुटला. सांगाडा अध्यक्षानं माणसं लावून वर काढला, पण प्लॅस्टर तळाला चिखलासारखं बसलं ते बसलंच. घागरी यायच्या थांबल्या. मी तरी सहाला कुलूप काढून उभा राहायचो. मला कुणी दोष दिला नाही. दोष देणार कोण, सगळ्यांचेच गणपती आत होते. भेटलं की विचारत होते, "अण्णा, ऊट आतेन्री?" आणि हसत होते, थोडं ओशाळं.

बाई दसऱ्याच्या आसपास आल्या. शबनम पिशवीत पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या होत्या. कठड्याशी उभ्या राहून त्यांनी आत वाकून पाहिलं. गल्ली हळूहळू जमा झाली. अध्यक्ष दुकान टाकून आला, अक्का पिठाच्या हातांनी आली.

"यजमान्रे, हे कसं झालं?"

मी म्हणालो, "गर्दी होती मॅडम. मी नाही म्हटलं. त्यांनी कुलूप फोडलं."

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझं बोलणं जिनं लिहून घेतलं होतं तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, हे एक. आणि खोटं बोलून माणूस जवळ ठेवायची मला सवय लागली होती, हे दुसरं. बाईंनी अध्यक्षाकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माझी सालटी काढणार. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "हूं री मेडम. नम्मदे तप्पु." आमचीच चूक.

कुलूप जाळीला लटकत होतं. तेच, पितळी, खोबरेलानं चकाकणारं, ओरखडासुद्धा नसलेलं. बाईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सोडून दिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. बाटल्या न भरता गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. शहरात दुसरीकडं त्यांनी आणखी बावी काढल्या, लोक जमवले, असं कानावर यायचं. आमच्या गल्लीचं नाव त्यात कधी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का दारावरून गेली. मी पायरीवर बसलो होतो. ती थांबली नाही. संध्याकाळी अध्यक्ष गेला, मान हलवून गेला. बावी उघडली म्हणून गल्ली माझ्यावर रागावली नव्हती. आपल्याबरोबर गुलाल खेळलेला माणूस दुसऱ्या तोंडानं आपल्याला चोर म्हणाला, हे मात्र त्यांना गिळवलं नाही. कुणी बोलणं टाकलं असंही नाही. दोर लागला तर घेऊन जात, दिवाळीचा फराळ मुलाकडून पाठवत. फक्त ते जेवण झालं का, हे विचारणं थांबलं. जिथं शत्रूलाही विचारतात तिथं. बाहेरच्या माणसाला हे फार वाटणार नाही.

पुढं बरीच वर्षं गेली. नळाचं पाणी थोडं सुधारलं, मग पुन्हा बिघडलं. पाऊस बाई म्हणाल्या होत्या तसाच झाला. यायचा तेव्हा अंगावर धावून यायचा, नाहीतर तोंड दाखवायचा नाही. सात छपरांचे पाइप एकेक करून निखळले. दुकान मी बंद केलं आणि उरलेले दोर घरी आणले.

त्यानंतर एका उन्हाळ्यात मी बावी उपसायला लागलो. एकटाच. कुणाला दाखवायला नाही. दाखवायला कुणी बघत नव्हतं. सकाळी कुलूप काढायचं, आजोबांची कप्पी लावायची आणि बादली सोडायची. वर येतं ते अर्धं पाणी, अर्धा पांढरा चिखल. दिवसाला पंचवीस-तीस बादल्या. माझ्या वयाला तेवढ्याच. तळाचं प्लॅस्टर हाताच्या बादलीनं संपायचं नाही हे मला कळतं. एवढी अक्कल दोरवाल्याला असते. तरी ओढत होतो.

एका रविवारी ऊन चढलं होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. हाताला दोराचे फोड आले होते म्हणून मी बादली कठड्यावर ठेवून फुंकर घालत उभा होतो. पलीकडच्या दारात अक्का खुर्चीवर बसली होती. आता ती म्हातारी झाली होती, पापड सुना लाटायच्या. ती कधीपासून बघत होती कोण जाणे. आवाजातला खणखणाट गेला होता, तरी ऐकू आलं.

"अण्णा, ऊट आतेन्री?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे आत कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. नाही म्हणालो असतो तर तिनं ताट मागवलं असतं, हे मला माहीत होतं.

"आत्री अक्का," मी म्हणालो. "झालं." आणि बादली पुन्हा खाली सोडली.